मधू ब्रदर आणि पाण्याची गोळी

कुणी भेटलं की त्याचा हात हातात घ्यावा, जरासा हलवावा आणि सोडून द्यावा, अशी जगाची रीत आहे. मधू ब्रदर सोडत नसत. हात हलवता हलवता त्यांची बोटं हळूच समोरच्याच्या मनगटावर जाऊन बसत आणि मग ते एकदम गप्प होत. एरवी हा माणूस झोपेतही बोलत असावा असा आमच्या वॉर्डाला दाट संशय होता. पण नाडी मोजायचं ते एक मिनिट त्यांच्या तोंडून अवाक्षर निघत नसे. एकदा देवासला आमच्यातल्याच एका नर्सच्या लग्नात ते स्टेजवर चढले, नवरदेवाचा हात हातात घेतला आणि तसेच उभे राहिले. मागे आहेराची रांग खोळंबली. फोटोग्राफर "अंकल, इधर देखो" म्हणून म्हणून थकला. मिनिट पुरं झालं तेव्हा ब्रदर नवरदेवाच्या कानाशी लागून म्हणाले, "भिया, एकशे दहा चाललीय. घाबरू नका, मुलगी स्वभावानं चांगली आहे." तो बिचारा जो हसायला लागला तो जेवणाच्या टेबलापर्यंत हसतच होता.

मी धारची. शाळा सगळी हिंदीतून झाली, मराठी घरात बोलण्यापुरती. नर्सिंग पुरं करून देवासच्या एका रुग्णालयात हृदयाच्या वॉर्डात लागले, तेव्हा तिथले इनचार्ज नर्स मधू ब्रदर होते. ठेंगणे, गोल, पायात पांढरेशुभ्र बूट आणि बुटांपेक्षा पांढऱ्या मिशा. त्यांचे पूर्वज म्हणे धारच्या दरबारात दफ्तर सांभाळायचे. पुढे घरात वकील झाले, मास्तर झाले, एक काका तर न्यायाधीश झाले. अशा घरात या मुलानं "मी नर्स होणार" असं जाहीर केलं तेव्हा दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. त्यांची बाजू घेतली ती एकट्या थोरल्या बहिणीनं, आक्कांनी. आई लवकर गेलेली, त्यामुळे मधूला न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं ते आक्कांनीच. त्यांनी आपल्या मशीनवर भावाचा पहिला पांढरा गणवेश शिवला. त्यातल्या पँटचा एक पाय दुसऱ्यापेक्षा चांगला बोटभर लांब झाला. ब्रदर सांगायचे, "पहिलं वर्ष मी टेकडीच्या उतारावर उभा असल्यासारखी नोकरी केली. पण पँट बदलली नाही."

गोळीला ते 'काय' म्हणत नसत, 'कोण' म्हणत. पहिल्याच दिवशी मी औषधांचा ट्रे घेऊन निघाले तर त्यांनी वाटेत अडवलं आणि एका गोळीवर बोट ठेवलं.

"ही कोण?"

"मेटोप्रोलॉल," मी म्हणाले.

"ते नाव झालं. आहे कोण?"

मी गोळीचं पाकीट उलटून पाहू लागले.

"लग्नघरात पोरं धावत असतात ना, तेव्हा ओसरीवर एक काका बसलेले असतात. जो दिसेल त्याला म्हणतात, हळू रे, हळू. ही गोळी म्हणजे ते काका. हृदय उगाच पळत सुटलं की अपण काकांना आणून बसवायचं. पण समजा पोरं आधीच पेंगलेली आहेत आणि तरी तू काकांना बसवलंस, तर?"

"तर ती झोपून जातील."

"हव. आणि उठायची नाहीत. म्हणून आधी मनगट, मग गोळी. नाडी साठच्या खाली, नाहीतर प्रेशर उतरलेलं, तर काकांना दारातच थांबव आणि डॉक्टरसाहेबांना फोन लाव. दुसरं म्हणजे, रोज बसणाऱ्या काकांना एक दिवस अचानक उठवून घरी धाडायचं नाही. दबलेली पोरं दुप्पट धिंगाणा घालतात. पेशंट म्हणतो, बरं वाटतं, म्हणून सोडली गोळी. त्याला सांग, सोडायची तर डॉक्टर हळूहळू सोडवतील, तू नको सोडू."

असं एकेक औषध त्यांनी मला ओळख करून देऊन शिकवलं. डिगॉक्सिन म्हणजे तालमीतले वस्ताद. थकलेल्या हृदयाला ते सांगतात, कमी मार, पण दणकून मार. वस्ताद गुणाचे, पण माप चुकलं की उलटणारे. म्हणून त्यांच्या पेशंटची नाडी मनगटावर नाही, छातीवर नळी लावून पूर्ण मिनिटभर ऐकायची. जेवण नको वाटतंय, मळमळतंय, सगळं पिवळं दिसतंय असं पेशंट म्हणाला, की समजायचं वस्ताद जास्त झाले. ही शेवटची खूण माझ्या डोक्यात फार पक्की बसली. आठवड्याभरात एक आजोबा मला म्हणाले, "सिस्टर, सब पीला पीला लग रहा है." मी ट्रे तिथेच टाकला आणि अख्खा कॉरिडॉर पळत ब्रदरांकडे गेले. ते आले. मिनिटभर ऐकलं. डॉक्टरांना कळवलं, रक्त तपासायला पाठवलं. मग आजोबांच्या शेजारी बसून त्यांनी समोर पाहिलं. समोरच्या भिंतीला त्याच सकाळी रंगाऱ्यांनी झेंडूसारखा पिवळा हात मारला होता.

"भिंत पिवळीच आहे," ते मला म्हणाले. "पण तू पळत आलीस ते बरोबर केलंस. उद्या पांढरी असली तरी अशीच पळ."

रक्ताचा रिपोर्ट ठीक आला. त्यानंतर महिनाभर मी समोरून आले की सगळा वॉर्ड "पिवळं दिसतंय का" म्हणून विचारायचा, आणि त्यात ब्रदरांचा आवाज सगळ्यांत मोठा असायचा.

बागलीचे एक शेठजी आमच्याकडे होते. चालताना छातीत कळ यायची म्हणून त्यांना जिभेखाली ठेवायची गोळी लिहून दिलेली. घरी जायच्या दिवशी ब्रदरांनी विचारलं, शेठ, कळ आली तर काय कराल? शेठ म्हणाले, गोळी खाऊन, वरून पाणी पिऊन, दुकानाकडे चालू लागेन. ब्रदरांनी कपाळावर हात मारला आणि तिथल्या तिथे नाटकाची तालीम लावली. स्वतः शेठ झाले. शेठजींना शेठाणी केलं. आणि खऱ्या शेठाणीला म्हणाले, "तुम्ही गोळी."

"म्हणजे मला क्या करायचं?"

"कळ आली की शेठ आधी बसतात. उभे राहत नाहीत. मग तुम्ही त्यांच्या जिभेखाली जाऊन बसायचं आणि हळूहळू विरघळायचं."

"भैया," शेठाणी पदर सावरत म्हणाल्या, "मैं तो चालीस साल से इनकी जबान के नीचेच बैठी हूँ."

वॉर्डात जे हसू फुटलं त्यात पलंगावरच्या दोघांचे मॉनिटर ओरडायला लागले. पण तालीम झाली. बसायचं, जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही, रक्ताच्या नळ्या मोकळ्या होतात तसं प्रेशर उतरतं म्हणून लगेच उठायचं नाही, डोकं दुखलं तर घाबरायचं नाही, आणि कळ थांबत नसेल तर वाट न बघता गाडी काढायची. शेठजींनी सुपारी-चुन्याच्या डबीत टाकलेली ती गोळी, हवा लागून निकामी होऊ नये म्हणून, तिच्या मूळच्या बाटलीत परत गेली. ब्रदरांनी शेठाणीलाच पुन्हा पुन्हा विचारलं, शेठला नाही. "जिला पळायचं आहे तिला पाठ पाहिजे," ते म्हणाले.

असं सगळ्या देवासला शहाणं करणाऱ्या या माणसाला एकच पेशंट वश होत नव्हती. ती म्हणजे आक्का.

आक्का धारला एकट्या राहायच्या. मी रविवारी घरी जायची आणि ब्रदरही त्याच गाडीनं बहिणीकडे निघायचे. इंदूरला बस बदलताना ते कचोरी घ्यायचे आणि धार येईपर्यंत बोलायचे. आमचं घर आक्कांच्या गल्लीतच, म्हणून मला त्या लहानपणापासून ठाऊक. उंच, सडपातळ, ताठ. बोलणं असं, की आपण उठून उभं राहावं. दूधवाल्यालासुद्धा "आपण यावे, बसावे" म्हणणाऱ्या. फक्त भाऊ आला की "मध्या, पाय धू."

आक्कांचं हृदय दमलं होतं. ते रक्त पुढे नीट ढकलत नव्हतं, आणि मागे पाणी साचून पायांवर सूज यायची, जिना चढताना धाप लागायची. त्यावर डॉक्टरांनी लघवी जास्त होण्याची गोळी दिली होती. घरोघर तिला पाण्याची गोळी म्हणतात. ब्रदर तिला भिश्ती म्हणायचे, फक्त उलटा. पाणी आणून ओतणारा नाही, घरातलं पाणी भरून बाहेर नेणारा. हा भिश्ती पाण्याबरोबर पोटॅशियमही उचलून नेतो, म्हणून मधून मधून रक्त तपासायचं. पण केळी खा असं परस्पर सांगायचं नाही, कारण दुसऱ्या काही गोळ्या उलट पोटॅशियम धरून बसतात. हे सगळं त्यांनी मला बसमध्ये शिकवलं. मीठ कमी करायचं हे त्यांनी आक्कांना शिकवलं आणि आक्कांनी ते तंतोतंत पाळलं. भाजी अळणी, वरण अळणी. आणि त्यावर मूठभर शेव. "शेवेत कुठलं मीठ, ती तर बेसनाची," असं त्या माळव्यात जन्मलेल्या कुठल्याही माणसासारखं निरागसपणे म्हणाल्या.

आक्कांची एकच इच्छा होती. धरमपुरीला नर्मदेच्या पात्रात एक बेट आहे आणि त्यावर महादेवाचं देऊळ. तिथे नावेत बसून जायचं. लहानपणी आईबरोबर त्या गेल्या होत्या, नंतर घर, भाऊ, शाळेतली नोकरी, जाणं राहूनच गेलं. "मला काशी नको, रामेश्वर नको. मध्या, मला एकदा त्या नावेत बसव," एवढंच त्या म्हणायच्या. डॉक्टर म्हणत होते, आधी सूज उतरू दे, घाटाच्या पायऱ्या धाप न लागता उतरता-चढता येऊ देत, मग न्या. सूज दोन दिवस उतरायची आणि चार दिवस चढायची. दोनदा त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. ब्रदर दर रविवारी विचारायचे, "आक्का, गोळी घेतेस ना?" आक्का म्हणायच्या, "घेते रे." डॉक्टरांनी मात्रा वाढवली. तरी पाय सुजलेलेच. तसल्या रविवारी परतताना हा बडबड्या माणूस इंदूरपर्यंत खिडकीबाहेर बघत बसायचा, आणि मला फार वाईट वाटायचं.

चैत्र आला. आक्कांकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. गौर झोपाळ्यात बसवलेली, आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. गल्लीतल्या साऱ्या मराठी बायका आलेल्या, बहुतेक सत्तरीच्या आसपासच्या. पुरुष म्हणून ब्रदरांची रवानगी स्वयंपाकघरात, आणि मी वाढायला. बर्फ आणायला म्हणून ते बाहेर गेले ते परत येईनात. बघते तर व्हरांड्यात चपलांच्या ओळीपुढे उकिडवे बसलेले.

"इकडे ये," ते म्हणाले. "हे बघ, पट्टे कुठल्या भोकात आहेत."

सगळ्या चपलांचे पट्टे पार सैल, शेवटच्या भोकात होते. एकीचा पट्टा तर कात्रीनं कापून मोकळा केलेला.

"यातल्या निम्म्या बायकांना प्रेशर आहे, चार-पाच जणींना हृदयाचं. पण सगळ्यांचे पाय एकाच दिवशी सुजायला ही काय साथ आहे?" ते उठले, पन्ह्याचा ट्रे माझ्या हातातून घेतला आणि सरळ बैठकीत शिरले.

"माता-भगिनींनो," ट्रे घेऊन ते मधोमध उभे राहिले, "आज सकाळी पाण्याची गोळी कुणी कुणी घेतली?"

आक्कांचा चेहरा लाल झाला. "मध्या, बायकांत असलं विचारतात?"

मग कोपऱ्यातल्या पोतनीसकाकूंना हसू आवरेना. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांत जाड आणि सगळ्यांत खरं बोलणाऱ्या बाई त्या. "अहो मधुकरराव, घेऊन कसं चालेल? आज पाच घरची बोलावणी आहेत. ती घेतली की दर अर्ध्या तासाला उठावं लागतं. लोकांच्या घरी 'तिकडे कुठे आहे' म्हणून विचारायचं का?"

आणि बांध फुटला. एकीनं सांगितलं, मी बोलावण्याच्या दिवशी नाही घेत. दुसरीनं सांगितलं, मी गुरुवारी भजनाला जाते, तेव्हा नाही. तिसरी म्हणाली, मी घेते, पण मग दिवसभर पाणीच पीत नाही. चैत्रात महिनाभर हळदीकुंकू, श्रावणात मंगळागौरी, मग गणपती, मग नवरात्र. दुसऱ्याच्या घरी पाणी मागावं, पण न्हाणीघर विचारू नये, असं या सगळ्या जणींना त्यांच्या आयांनी शिकवलं होतं, त्या आयांना दरबारी रीतभात शिकलेल्या आज्यांनी. ती रीत त्यांनी हृदयावर पाणी साचेपर्यंत पाळली होती.

"आक्का," ब्रदर अगदी हळू म्हणाले, "तू गोळी कधी घेतेस?"

आक्कांनी मान ताठ ठेवली. "एकादशीला घेते. त्या दिवशी कुणाकडे जाणं नसतं."

ब्रदर ट्रेसकट जमिनीवर बसले. आधी त्यांचे खांदे हलायला लागले, मग मिशा, आणि मग ते असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. बायकाही हसत सुटल्या. पोतनीसकाकूंना तर ठसका लागला. आक्का तेवढ्या हसल्या नाहीत. "इतकं हसण्यासारखं काय आहे? विचारायचास 'घेतेस ना', मी 'घेते' म्हणायची. खोटं कधी बोलले नाही," त्या म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये ते मला म्हणाले, "बघ, ती खरंच खोटं बोलली नाही. मीच चुकीचं विचारत होतो. गोळी घेता का, असं कुणाला विचारू नको. कुठल्या दिवशी घेत नाही, असं विचार." आणि थोड्या वेळानं म्हणाले, "माझी आक्का लाजेनं मेली असती, बेटा." हे म्हणताना ते हसत नव्हते.

पुढच्या रविवारी पोतनीसकाकूंकडे हळदीकुंकू होतं. दारात अत्तरदाणी आणि गुलाबदाणी घेऊन मधू ब्रदर उभे. आलेल्या प्रत्येक बाईच्या हाताला अत्तर लावत, गुलाबपाणी शिंपडत, कमरेत वाकत आणि दरबारी आवाजात म्हणत, "यावे. बाथरूम उजव्या हाताला आहे. दिव्याचं बटण बाहेर. कडी नीट लागते, मी स्वतः लावून पाहिली आहे." पहिल्या दोघी शरमेनं भिंतीला चिकटल्या. तिसरीनं पदर तोंडाला लावला. पाचवी सरळ उजवीकडेच वळली आणि परत येऊन म्हणाली, "बरं झालं बाई." तिच्या मागोमाग मग रांगच लागली. चैत्र संपेपर्यंत आमच्या गल्लीत ते चालीत पडलं. यजमानीण कुंकू लावताना नुसतं "उजव्या हाताला" नाहीतर "मागच्या अंगणात" असं पुटपुटायची आणि पाहुणी मान हलवायची. मला वाटतं एवढी उपयोगी भर हळदीकुंकवाच्या विधीत गेल्या शंभर वर्षांत कुणी घातली नसेल.

पण आक्कांचं मात्र खरोखर जपून करावं लागलं. वाढवलेली मात्रा त्या आता रोज घेणार म्हटल्यावर डॉक्टरांना सगळं सांगून ती पुन्हा बसवून घेतली. प्रेशर, रक्त, सगळं वेळच्या वेळी. गोळी पहाटे उठल्या उठल्या, म्हणजे दहा-अकरापर्यंत भिश्ती आपलं काम आटोपतो आणि बाई बाहेर पडायला मोकळी. झोपून उठताना घाईनं उभं राहायचं नाही, आधी पलंगावर पाय सोडून बसायचं. ब्रदरांनी एक वजनकाटा आणला. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन, असं ठरलं. आक्कांना त्या काट्याचा भारी राग. रोज सकाळी त्या त्याला आधी नमस्कार करायच्या आणि मग वर चढायच्या, की निदान देवाच्या भीतीनं तरी खरं बोलेल. पावसाळा सरेपर्यंत पायांची हाडं दिसायला लागली. नवरात्रात त्या जिना चढून आमच्या माडीवर आल्या आणि उंबऱ्यात उभ्या राहून, धाप न लागता, माझ्याशी एक पूर्ण वाक्य बोलल्या. "तुझ्या आईला सांग, पुरणपोळी माझ्यासाठी ठेवू नको, शेवही नको, मला आता नावेत बसायचं आहे." माझ्या आईनं मला नंतर विचारलं की तू का रडतेयस.

डॉक्टरांनी दिवाळीनंतर जायला परवानगी दिली. गोळीचा अंमल थोडाफार वाटेत राहणारच, म्हणून ब्रदर आदल्या रविवारी एकटेच वाटेतल्या धामनोदला जाऊन आले. हायवेवरचा एकेक ढाबा त्यांनी तपासला. जेवण नव्हे, बाथरूम. कमोड आहे का, फरशी निसरडी आहे का, उठताना धरायला काही आहे का, हे स्वतः बसून, उठून पाहिलं. एका ढाबेवाल्याला वाटलं, हा सरकारी साहेब. त्यानं पनीर, लस्सी, सगळं टेबलावर मांडलं. ब्रदर म्हणाले, "भिया, मी खायला नाही आलो. माझ्या बहिणीला फक्त इथे दहा मिनिटं थांबायचंय." ढाबेवाल्यानं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि त्या आठवड्यात भिंतीला एक लोखंडी दांडा ठोकून घेतला.

पुढे लवकरच माझं लग्न झालं आणि मी नागपूरला आले. देवास सुटलं, धारला जाणं वर्षातून एकदाही होईना. त्यामुळे मधू ब्रदरांना मी शेवटचं नीट पाहिलं ते धरमपुरीच्या घाटावर.

आम्ही तिघंच होतो. आक्कांनी इरकली साडी नेसली होती. धामनोदला त्या ढाब्यावर उतरल्या, आत जाऊन आल्या आणि ढाबेवाल्याला म्हणाल्या, "आपली व्यवस्था उत्तम आहे." त्या माणसाला हे मराठी कळलं नाही, पण त्यानं हात जोडले. घाटाच्या पायऱ्या त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून, थांबत थांबत, पण हसत उतरल्या. खाली पाण्याजवळ नाव लागली होती. लहानशी, दोघांपुरती. मी काठावर थांबायचं ठरलं.

आक्का नावेत बसल्या. ब्रदर जागचे हलेनात.

"तू जाऊन ये आक्का," ते म्हणाले. "मी इथं सामान सांभाळतो."

सामान काहीच नव्हतं. आक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं. "मध्या, तुला अजून पाण्याची भीती वाटते?"

हे मला ठाऊकच नव्हतं. लहानपणी धारच्या तलावात ते गटांगळ्या खाल्लेले, आक्कांनीच शेंडीला धरून ओढून काढलेलं. तेव्हापासून हा माणूस गुडघ्याच्या वर पाण्यात उतरला नव्हता. घाटावर उभ्या उभ्या त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"राहू दे मग," आक्का म्हणाल्या. "मी एकटी जाते. इतकी वर्षं राहिलेच की."

ब्रदरांनी पांढरे बूट काढले, माझ्या हातात दिले आणि नावेत पाय ठेवला. ठेवता क्षणी खालीच बसले, नावेच्या तळाशी, आक्कांच्या पायांशी. डोळे गच्च मिटलेले, दोन्ही हातांनी कड धरलेली. नाव निघाली. तिकडे बेटावर आक्का उतरल्या, देवळात जाऊन आल्या, सगळं मला लांबून दिसत होतं. ब्रदर तेवढा वेळ बेटावरच्या एका झाडाला धरून उभे होते, नदीकडे पाठ करून. मग पुन्हा नाव, पुन्हा मिटलेले डोळे.

नाव घाटाला लागायला आली. मी हात पुढे केला. पण आक्का उठल्या नाहीत. त्या पाण्याकडे बघत होत्या. ऊन उतरत आलं होतं आणि त्यांचा सगळा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. लहानपणापासून मागे ठेवलेलं काहीतरी अखेर हातात आलेली बाई मी इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती.

"मध्या," त्या म्हणाल्या, "आणखी थोडं वर जाऊन येऊ का रे? त्या वळणापर्यंत?"

नावाड्यानं तळाशी बसलेल्या, पांढऱ्याफटक पडलेल्या त्या माणसाकडे पाहिलं. "बाबूजी, पहले आपको उतार दूँ?"

ब्रदरांनी डोळे उघडले नाहीत. ओठ तेवढे हलले.

"माझ्याकडे बघू नको, भिया," ते म्हणाले. "तिला वाटेल तिथवर ने."

नाव वळली. आक्का मोठ्यानं हसत होत्या, आणि त्यांच्या पायांशी बसलेले मधू ब्रदर, डोळे मिटून, त्यांच्याबरोबर लांब लांब चालले होते.